गाठबाईंची किडनी

आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना पोरं ‘गाठबाई’ म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रतिकारशक्तीचा धडा आला की बाई पुस्तक मिटून टेबलावर ठेवायच्या आणि सगळ्या वर्गाला जबड्याखाली बोटं लावायला सांगायच्या. “चाचपा. वाटाण्याएवढं काही लागतंय? नसेल लागत तर उत्तम. ज्याला सर्दी झालीय त्यानं शेजाऱ्याला आपली गाठ दाखवा.” मग एरवी ज्यांच्याजवळ कुणी बसत नसे ती शेंबडी पोरं त्या तासाला भाव खाऊन जायची.

माझा भाषेचा वर्ग शेजारी, मधली भिंत कागदासारखी. त्यामुळे तो धडा मला पाठच झाला होता. कातडी ही पहिली अडवणूक. डोळ्यांतलं पाणी, लाळ, पोटातलं आम्ल हे तिचे मदतनीस. त्यातूनही कुणी आत घुसलंच तर भक्षक पेशी धावतात आणि समोर येईल ते गिळतात, फार डोकं चालवत नाहीत. डोकं चालवणाऱ्या पांढऱ्या पेशी मागाहून येतात, सावकाश. त्यांतल्या काही प्रतिपिंडं सोडतात, ती जंतूला चिकटून त्याला जायबंदी करतात. काही स्वतः जाऊन बिघडलेल्या पेशीचा खात्मा करतात. आणि काही नुसती आठवण ठेवतात, वर्षानुवर्षं; लस टोचायची ती या आठवणीसाठी. जन्म सगळ्यांचा हाडांच्या पोकळीतल्या मगजात. प्लीहा रक्त गाळून घेते, आणि पकडलेल्या जंतूची ओळखपरेड होते ती गळ्यातल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींमध्ये. गाठ सुजली म्हणजे आत काम चालू आहे, घाबरायचं कारण नाही.

बाईंचा सगळ्यात लाडका भाग मात्र थायमसचा. छातीच्या मधल्या हाडामागे ही एक ग्रंथी असते, लहानपणी मोठी, म्हातारपणी सुकलेली. कोवळ्या पेशी तिथे शिकायला जातात. धडा एकच, आपलं कोण आणि परकं कोण. जी पेशी आपल्याच माणसावर उठते तिला तिथेच संपवून टाकतात. जवळजवळ सगळ्या नापास होतात, मूठभर बाहेर पडतात. “असा निकाल आपल्या शाळेचा लागला तर संस्थाचालक आपल्याला उभं जाळतील,” मी एकदा म्हटलं, तर बाई हसल्या नाहीत. थायमसची थट्टा त्यांना खपत नसे.

घरी बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला आई म्हणून बाईच आठवायच्या. त्याला वाढवता वाढवता लग्नाचं वय कधी निघून गेलं ते त्यांना कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी तिकडे काणाडोळा केला. शिक्षणात धाकट्याचं डोकं चाललं नाही, हात मात्र सोन्याचे. त्यानं जळलेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान टाकलं. जळक्या वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, उघडून ठेवलेले पंखे आणि पाण्याचे पंप, आणि मध्ये हा बुटका, गालात हसणारा माणूस. बायकोही त्याला शोभेल अशी मिळाली, आणि दोघांनी दुकानाजवळ वेगळं बिऱ्हाड केलं. ती एका धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. चार इयत्ता शिकली असेल-नसेल, पण नणंदेवर तिची अशी श्रद्धा की बाईंनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तर तिनं वाळत घातलेले कपडे तिकडे वळवले असते.

बाई दर वर्षी पालकांसाठी व्याख्यान द्यायच्या. शेवटी एक घोषणा असायची, “प्रतिकारशक्ती वाढवा, डॉक्टर घटवा!” भावजय पहिल्या रांगेत बसून ती सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची. मला तेव्हा हसू यायचं.

धाकट्याचा रक्तदाब कधीपासून वाढलेला होता कोण जाणे. डोकं दुखलं की गोळी गिळायची आणि पुन्हा तारेला लागायचं. पाय सुजले तेव्हा उभं राहून काम करतो म्हणून सुजले असतील म्हणाला. डॉक्टरांकडे नेला तोवर दोन्ही किडन्यांनी राम म्हटला होता. मग डायलिसिस सुरू झालं. मशीनवरून परतला की तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडून राहायचा, दुकान अर्धा आठवडा बंद.

किडनी द्यायला सगळ्यात आधी भावजय पुढे झाली. खरं तर तिनं कुणाला विचारलंच नाही, ती परस्पर जाऊन रक्त तपासून आली. रक्तगट जुळत नव्हता. डॉक्टरांनी ‘तुमची चालणार नाही’ म्हटलं, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसून, पदर तोंडात कोंबून रडली. “माझी का नाही चालत? मी एवढी वर्षं त्यांच्याबरोबर राहिले,” हे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाईंची जुळली. पूर्ण नाही, अर्धीमुर्धी. पण डॉक्टर म्हणाले पुरेशी आहे.

ऑपरेशनच्या आधी बाई मला म्हणाल्या, “गंमत बघ. ज्या फौजेची मी जन्मभर आरती ओवाळली तीच आता वैरी झाली. तिला बहीणबिहीण काही कळत नाही गं. माझी किडनी म्हणजे तिच्या दृष्टीनं घुसलेला चोर. आता हा जिवंत असेपर्यंत गोळ्या देऊन तिला दाबून ठेवायचं.” हे सगळं त्यांनी धाकट्यालाही समजावलं. त्याच्या पलंगावर बसून, कागदावर चित्रं काढून. त्याची प्रतिकारशक्ती वाढवायची नाही, मुद्दाम कमी ठेवायची; गोळी चुकवायची नाही; डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं काही पोटात जाऊ द्यायचं नाही. तो म्हणाला, “कळलं ताई. फ्यूज मुद्दाम काढून ठेवायचा.” बाई खूश झाल्या. एवढं सोपं उदाहरण त्यांनाही सुचलं नव्हतं.

नवी किडनी ओटीपोटात उजवीकडे बसवतात आणि जुन्या तशाच आत ठेवतात. धाकटा गिऱ्हाइकांना पोटावर थाप मारून सांगायचा, “तीन मोटारी आहेत माझ्याकडे. दोन जळक्या, एक ताईची.” रंग उजळला, दुकान पुन्हा उघडलं. बाई कुशीवरचा व्रण धरून जिने चढायच्या, पण चेहरा असा की जसं नव्यानं मूल झालंय.

दबलेल्या फौजेचा माणूस म्हणजे उघड्या दाराचं घर. धाकट्याला सारखी सर्दी व्हायची, घसा धरायचा, साधी जखम चिघळायची. डॉक्टर म्हणायचे, हे होणारच, जपा. भावजय जपत होती. उकळलेलं पाणी, धुतलेले हात, दुकानात जाताना तोंडावर पट्टी. गोळ्या मात्र तो स्वतः घ्यायचा, फोनवर गजर लावून. आणि तरीही तो शिंकला की तिचा जीव खालीवर व्हायचा.

आणि मग एके दिवशी किडनीच्या जागी दुखायला लागलं. ताप आला, लघवी कमी झाली, रक्तातले आकडे चढले. डॉक्टरांनी सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, शरीर तिला नाकारतंय. त्यांनी नवरा-बायको दोघांना विचारलं, “दुसरं काही औषध घेत होता का?” दोघंही नाही म्हणाले. सलाइनमधून जबरदस्त औषधं सुरू झाली. किडनी वाचेल की नाही हे काही दिवसांत कळणार होतं.

भावजय दवाखान्यातून हलेना, म्हणून त्याचे कपडे आणायला मी आणि बाई त्या दोघांच्या घरी गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत, गोळ्यांच्या डब्याला खेटून एक बाटली होती. त्यावर ठळक अक्षरांत, ‘प्रतिकारशक्ती दुप्पट करा!’ शेजारी चमचा, धुऊन पालथा घातलेला. तशाच रिकाम्या झालेल्या बाटल्या ओट्याखाली वापरायला काढल्या होत्या. एकीत गोडं तेल, एकीत रॉकेल, एकीत फिनेल. म्हणजे हे बरेच दिवस चाललं होतं.

बाई तिथेच फरशीवर बसल्या. मला वाटलं भोवळ आली, पण तसं नव्हतं. “त्याला समजावलं,” त्या म्हणाल्या. “शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावलं. शाळेत सुट्टी मागताना मुख्याध्यापकांनासुद्धा समजावलं. हिला नाही. मला वाटलं, हिला काय कळणार. माझी घोषणा तेवढी पाठ तिला; हे तिच्या लेखी औषध नव्हे, ताकद.” मग उठून खिडकीतली बाटली त्यांनी पिशवीत घातली. “एवढ्या पोरांना शिकवलं गं मी. घरातल्या एका बाईला नाही शिकवलं.”

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बाईंचा रागच आला होता.

बाटली त्यांनी डॉक्टरांना नेऊन दाखवली. डॉक्टर म्हणाले, “यात काय काय घातलंय ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसेल. याच्यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. गोळ्या नीट घेऊनही काहींची जाते. पण हे द्यायला नको होतं.” म्हणजे हो आणि नाही, दोन्ही. आयुष्यभर टोचत राहील एवढंच.

किडनी वाचली नाही. धाकटा पुन्हा मशीनवर गेला.

त्यानंतरच्या एका डायलिसिसला मी बाईंबरोबर गेले होते. वाटेत त्या म्हणाल्या, “आज तिला सांगणार आहे. माझीच चूक आहे हेही सांगीन. पण तिला कळायला हवं. उद्या पुन्हा कुणाची किडनी मिळाली तर हेच करेल ती.” त्यांचं बरोबर होतं.

भावजय खाली चहा आणायला गेली होती. धाकट्याच्या हातात दोन जाड सुया, नळ्यांतून त्याचं रक्त बाहेर जाऊन परत येत होतं. बाईंनी त्याला बाटलीचं विचारलं. तो लगेच म्हणाला, “माहितीय मला. तिला सांगू नकोस, ताई.”

“तुला माहीत होतं? काय आहे ते माहीत असून तू घेत होतास?”

“बाटलीवरचं वाचता येतं मला.” तो छताकडे बघत होता. “तू किडनी दिलीस. तिची घेतली नाही कुणी. रोज सकाळी चमचा घेऊन यायची, तेव्हा तिचं तोंड बघायला हवं होतंस तू. मला वाटलं, चमचाभरानं काय होतंय. पिऊन टाकायचो.”

“अरे, माझी किडनी होती ती!” बाई ओरडल्या. इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या पलंगावरचा माणूस मान वळवून बघायला लागला. “माझ्या पोटातून काढून दिली होती तुला! तुझ्या बायकोचं मन राखायला?”

धाकटा रडत होता. त्याला डोळे पुसता येत नव्हते, एका हातात सुया आणि दुसऱ्यावर रक्तदाबाचा पट्टा. बाईंनीच आपल्या पदरानं पुसले, पण रागारागानं, खसाखसा, लहान मुलाचं नाक पुसावं तसे.

“काय झालं, ताई?” भावजय दारात उभी होती, हातात थर्मास. “कुणाचं मन राखायला?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. सांगायचं तर हीच वेळ होती, आणि त्या सांगणार असंच मला वाटलं. तेवढ्यात धाकटाच बोलला.

“गोळ्या चुकवल्या मी. ताई विचारतेय, ‘घेतल्या’ असं रोज खोटं सांगत होतास ते बायकोचं मन राखायला का.”

“चुकवल्या?” भावजयीला समजेना. “अहो, गजर वाजायचा ना फोनवर?”

“वाजायचा. हातात काम असायचं. मग राहून जायचं.”

“एखाददुसरी?”

“नाही. बऱ्याच.”

ती बाईंकडे वळली, त्यांनी नाही म्हणावं म्हणून. बाईंनी नजर काढून घेतली आणि मान खाली घालून म्हणाल्या, “हो. आत्ताच कबूल केलं त्यानं.” जन्मभर फळ्यावर चुकीचं अक्षर राहू न देणारी बाई ती.

भावजयीनं थर्मास खाली ठेवला. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. “म्हणजे ताईंनी पोट फाडून दिलं, मी पाण्याचा थेंबसुद्धा उकळल्याशिवाय दिला नाही, आणि तुम्हाला दोन गोळ्या गिळता आल्या नाहीत.” ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस तिनं आज पहिल्यांदा पाहिला होता. मग बाईंना म्हणाली, “ताई, तुमचं मन मोठं आहे, तुम्ही यांना माफ कराल. मी नाही करणार. मरेपर्यंत नाही करणार.”

“नको करूस,” तो म्हणाला.