मागून गाठतो

त्या सकाळी अविनाश पुढे निघाल्यावर त्याच्या फोनवरून मला तीनदा फोन आला. पहिले दोन मी उचलले नाहीत. ओट्याशी उभा राहून चहा पीत होतो, समोर फोन थरथरत होता, त्यावर त्याचं नाव दिसत होतं. मला वाटलं, हा पुढे कुठेतरी थांबलाय आणि विचारतोय, कुठवर आलास? काय सांगायचं ते जुळवायला मला जरा वेळ हवा होता. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा आवाज परका होता. "हे सायकलवाले तुमचे कोण?" मी म्हणालो, मित्र. पलीकडचा माणूस म्हणाला, "मग लवकर या." आणि थोडं थांबून, "घरच्यांनाही घेऊन या..."

याला आता दोन महिने होत आले. एवढ्यात मी अविनाशबद्दल बऱ्याच ठिकाणी बोललो. ऑफिसच्या शोकसभेत बोललो, सोसायटीत बोललो, त्याच्या बुधवार पेठेतल्या काकांपुढे बोललो. सगळीकडे मनापासून बोललो आणि सगळीकडे एक वाक्य खोटं बोललो. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहाल का, अशी विचारणा आली तेव्हा पहिला विचार मनात आला तो त्या वाक्याचाच.

आमची ओळख धायरीतली. मी मूळचा तिथलाच. आमच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत तो पेठेतलं दोन खोल्यांचं घर सोडून राहायला आला. "सरपंच, तुमच्या ज्वारीत माझा हॉल आला बरं का," हे त्याचं पहिलं वाक्य. ग्रामपंचायतीची पायरीही मी कधी चढलो नव्हतो, पण त्याच्यासाठी कायमचा सरपंच झालो. पुढे योगायोगाने तो हिंजवडीला आमच्याच कंपनीत लागला. सायकलचं खूळ मात्र माझं. डॉक्टरांनी साखरेवरून झापलं आणि मी गिअरची सायकल घेऊन आलो, ऑफिसला तिच्यावरूनच जाणार असं जाहीर केलं. आई म्हणाली, "दारात गाडी हाय आन् सायकलवर जानार? लोक म्हनत्याल, इकली जनू." हे ऐकून अविनाश हसत सुटला, आणि पुढच्याच रविवारी स्वतः सायकल घेऊन आला. "सरपंचांची अब्रू एकट्याची जायला नको," म्हणाला.

धायरी ते हिंजवडी सायकलने, म्हटलं की लोक अंतर विचारतात. अंतराची सवय पायांना महिन्याभरात झाली. भीती मात्र रोज नव्याने वाटायची. बायपासच्या कडेचा सर्व्हिस रोड, त्यावर सांडलेली खडी, अचानक समोरून उलटे येणारे दुचाकीवाले, आणि पाठीमागून अंगाला वारा लावत जाणारे डंपर. अविनाश माझ्यापेक्षा चपळ, तो पुढे असायचा. मी मागून ओरडायचो, "डंपर आला, डावीकडे घे!" तो ढिम्म. मला वाटायचं, हा पेठी माज. एकदा चांदणी चौकाच्या अलीकडे एक बस त्याच्या कोपराला चाटूनच गेली. चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा मी भडकलो. "कान फुटलेत का तुझे?" त्याने शांतपणे बशीत चहा ओतला. "एक फुटलाय. उजवा."

गेली दोन-तीन वर्षं हळूहळू जात जात तो पूर्ण गेला होता. आणि उजवा म्हणजे नेमका रस्त्याकडचा. आपण डाव्या कडेने चालवतो, जे येतं ते उजवीकडून येतं. "डाव्या कानाने गटार मात्र उत्तम ऐकू येतं," तो म्हणाला. मशीन लावून बघितलं होतं, पण वाऱ्यात त्यात नुसतं घुं घुं व्हायचं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "घरी मेधाला बोलू नकोस. तिला कळलं तर सायकल माळ्यावर जाईल."

तिथेच आमचं ठरलं. तो पुढे, मी मागे. रिक्षा, कार आली की "गाडी", बस, डंपर आला की "मोठी", त्याच्या डाव्या कानाला पोचेल इतक्या जोरात. आणि ज्या दिवशी मी नसेन त्या दिवशी त्याने कंपनीच्या बसने जायचं. हे त्याने काटेकोर पाळलं. तो एकटा जात नसे. पुन्हा लिहितो, एकटा तो कधीही जात नसे.

त्या सायकलने अविनाश बदलला. पोट उतरलं, चेहरा उजळला. ऑफिसच्या तळघरात अंघोळ करून वर आला की साडेनऊलाच स्वतःचा डबा संपवायचा. मी विचारायचो, "आता दुपारी काय खाणार?" "तुझा डबा." सोमवारी आठवड्याचे इस्त्रीचे शर्ट पाठीवर बांधून नेताना त्याच्याइतका आनंदी माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसेल. त्याला आनंदी राहणं परवडत होतं, कारण त्याच्या वाटची भीतीही मीच बाळगत होतो. हे लिहायला कडू आहे, पण तेव्हा मला असंच वाटायचं. सगळा वेळ माझे डोळे त्याच्या उजव्या खांद्यावर, मान सतत मागे वळलेली, ओरडून ओरडून घसा कोरडा. तो ऑफिसात ताजातवाना पोचायचा, मी डोकं धरून. दुसऱ्या वर्षी माझी साखर आटोक्यात आली होती आणि हौस संपली होती. थांबतो म्हणालो असतो तर त्याचीही सायकल थांबली असती, म्हणून म्हणत नव्हतो. एकदा तोंडून निघून गेलं, "मी काय तुझा हॉर्न आहे का रे?" ऑफिसच्या पार्किंगमध्ये सायकलला कुलूप घालताना तो म्हणाला, "हॉर्न परवडला, सरपंच. तो तक्रार करत नाही." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी सुरळीच्या वड्या घेऊन आला. माफी मागायची त्याची हीच रीत होती.

त्या शेवटच्या आठवड्यात मी आधीच दोन सबबी सांगितल्या होत्या. एक दिवस गुडघा, एक दिवस पाहुणे. दोन्ही दिवस तो मुकाट बसने गेला. तिसऱ्या सकाळी खालून फोन. "सरपंच, मी उभा आहे. आज गुडघा की पाहुणे?" मी अंथरुणात होतो. म्हणालो, "येतोय रे, मागचं चाक पंक्चर आहे. ट्यूब बदलतो. तू हो पुढे, मी मागून गाठतो." येत नाही म्हणालो असतो तर तो सायकल ठेवून, कपडे बदलून बसने गेला असता आणि दिवसभर मला टोमणे मारले असते. तेवढे टोमणे टाळायचे होते. मनात एक अर्धवट बेत होता, की थोड्या वेळाने कार काढीन, त्याला वाटेत गाठीन, म्हणेन ट्यूब बसलीच नाही, टाक सायकल डिकीत. "हळू जा," असंही मी त्याला सांगितलं. मग उठून चहा टाकला.

अविनाशला धडक दिलेल्या टेम्पोवाल्याने चौकीत सगळं कबूल केलं. अरुंद जागेत पुढे काढायला नको होता, म्हणाला. पण एक गोष्ट तो रडत रडत पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, हॉर्न दिला होता हो, दोनदा दिला होता." बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, असं सगळेच म्हणतात. दिला असणार, हे मला ठाऊक होतं.

हॉस्पिटलच्या जिन्यात मेधा वहिनींनी मला विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही मागे होतात ना?" मी म्हणालो, "सायकल पंक्चर झाली होती, वहिनी." त्यांनी मान हलवली. पुढे लोक म्हणायला लागले, पंक्चरने वाचवलं तुम्हाला... त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पार्किंगमध्ये गेलो आणि मागच्या चाकातली हवा सोडली. कुणी तपासायला येणार नव्हतं. तरी सोडली.

हा लेख लिहायचा म्हणून गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. लिहिण्याआधी त्यांना सांगणं भाग होतं. सुरुवात कानापासून केली, तेच त्यातल्या त्यात सोपं वाटलं. "वहिनी, त्याला उजव्या कानाने..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं त्याच्या डाव्या बाजूने चालत होते मी. एका घरात राहून कळणार नाही का, भाऊजी?"

त्या उठल्या, कपाटाच्या खणातून एक छोटं खोकं आणून टीपॉयवर ठेवलं. सायकलच्या हँडलला लावायचा आरसा. काच अजून कागदात गुंडाळलेली. "पाडव्याला ओवाळून झाल्यावर हा मीच त्याला दिला. म्हणाला, आरसा कशाला, सरपंच असतो मागे. मग मीही हट्ट धरला नाही. सायकल बंद कर म्हणाले असते तर त्याने केलीही असती. पण इतका खूश होता... आणि तुम्ही होतात."

मग मी उरलेलं सांगितलं. गुडघा, पाहुणे, अंथरुण, चहा, न उचललेले फोन, चाकातली हवा. मध्ये त्यांनी एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर एकच विचारलं.

"म्हणजे तो तुमची वाट बघत, हळू चालवत होता?"

"हो."

रडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर मला काहीतरी करता आलं असतं. त्यांनी आरशाचं खोकं जरा सरळ केलं. मी म्हणालो, लिहिणं राहू दे, नकोच ते. "लिहा," त्या म्हणाल्या. "त्याच्याबद्दल चांगलं लिहिणारे बरेच आहेत. तुम्ही लिहिणार असाल तर पंक्चर लिहू नका."

मी उठलो. त्या उठल्या नाहीत. खोकं त्यांनी पुन्हा खणात ठेवलं नाही, मलाही दिलं नाही, ते आमच्या दोघांच्या मध्ये तसंच टीपॉयवर होतं. मी चपला घालत असताना आतून आवाज आला, "भाऊजी, दार ओढून घ्या." मी दार ओढून घेतलं.