मोठेबाबांसमोर मी एकदाच खोटं वाचलं

चालू प्रवासात मी मोठेबाबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. ती किल्ली ज्या रीतीने घेतली, ते मला अजून नीट वाटत नाही.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. वणीकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. रिटायर झाल्यावर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, शेगडी, बेसिन स्वतः बसवलं. गल्लीत तिचं नाव 'चालतं घर'.

शाळेआधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली. रस्त्यावरचे बोर्ड वाचून. चुकलं की गाडी थांबायची.

किल्ली घेतली त्या दिवशी सकाळीच म्हणाले, "चाल वं, झरीच्या जंगलातून खाणीपर्यंत जाऊन येऊ."

मला तेव्हाच शंका आली. काकूला का नाही घेतलं?

कळंब सोडलं आणि सुरू झालं. "वाच."

"मोठेबाबा, मी पंचवीसची आहे."

"म्हणून का बोर्ड बदलले? वाच."

पांढरकवडा गेलं. डोंगर, सागाचं जंगल, अर्धा अर्धा तास माणूस नाही. मी मागच्या शेगडीचा नॉब तीनदा तपासला. एरवी ते यावर हसायचे, त्या दिवशी हसले नाहीत. समोरून ट्रक आला की स्टिअरिंग घट्ट धरायचे.

मुकुटबनच्या अलीकडे सिमेंटची धूळ सुरू झाली. भलामोठा पिवळा बोर्ड होता: 'पुढे काम सुरू आहे, वाहने सावकाश चालवा.'

"वाच."

मी वाचलं, "झाडे लावा, झाडे जगवा."

"शाब्बास."

गाडीचा वेग तोच.

"गाडी बाजूला घ्या. किल्ली द्या."

"काहून?"

"बोर्डावर तसं नव्हतं."

त्यांनी गाडी थांबवली. किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"तू खोटं वाचलं? माह्यासमोर?"

पकडले गेल्याचं नाही, त्यांना याचं लागलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसते. धुकं दिसते. खाण एक डाव पाहून घ्यायची होती. काकूले सांगितलं असतं तं तिनं येऊ देल्लं असतं का?"

पुढे गाडी मी चालवली. वळणं त्यांनी सांगितली, एकही चुकलं नाही.

खाणीच्या गेटपाशी त्यांनी विचारलं, "काय दिसते?"

मी सगळं सांगितलं. काळे ढीग, डंपरची रांग, धुळीवर पाणी मारणारा टँकर.

"खरं सांगून राह्यली नं?"

हा प्रश्न मग कायमचा राहिला. पेपर वाचून दाखवला तरी, औषधाची चिठ्ठी वाचली तरी. "खरंच तसं लिहिलं हाय?"

किल्ली घेतली ते बरोबर होतं. पण साधं विचारता आलं असतं. मी परीक्षा घेतली.

आज सकाळी चालतं घर घेऊन मुकुटबनच्या अलीकडे गेले. पिवळा बोर्ड अजून आहे, एका कोपऱ्यात गंजलाय.

काच खाली केली आणि मोठ्याने वाचला.

पुढे काम सुरू आहे, वाहने सावकाश चालवा.

खरंच तसं लिहिलंय, मोठेबाबा.

येते मी.