पोट आलेली भिंत

माझ्या बहिणीचा नवरा बिसादा गवंडी होता आणि अख्मीमच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्याच्याइतकी सरळ भिंत कुणाच्याही हातून उठत नसे. स्वस्थ बसणे त्याला ठाऊक नव्हते. कुणाकडे जेवायला गेला तरी घास तोंडात असतानाच तो उठे, कमरेचा ओळंबा काढून समोरच्या भिंतीला लावी आणि यजमानाला ऐकवी, "तुझं घर झुकत झुकत कैरोला निघालंय."

त्या वर्षी नाईलच्या पुराने आमच्या चर्चची पश्चिमेकडची भिंत निम्मी पाडली. वस्तीत दुसरे चर्च नव्हते. सुलतानाच्या राज्यात नवे बांधायला आम्हाला मनाई. जुने दुरुस्त करायचे तर काजीचा परवाना हवा, आणि परवान्यात अट एकच: होते तसेच. बिसादाने ढिगाऱ्यातली वीट न् वीट घासून घेतली आणि अठरा दिवसांत भिंत उभी केली. विटा उचलून द्यायला मी होतो.

तपासणीला काजीच्या कचेरीतले शेख इज्जुद्दीन आले. जुन्या भिंतीचे वर्णन त्यांनीच लिहून ठेवले होते. त्यांनी दोरीने उंची मोजली, विटांवर नख ओढून पाहिले, मान डोलावली आणि मग कागद वाचला. "मध्यावर एक वीत बाहेर आलेली. कुठाय ती?"

"ते पोट होतं, शेखसाहेब. त्याच्यापायीच पडली. मी काढून टाकलं."

आमचे धर्मगुरू अबूना शनूदा यांनी डोळे मिटले.

"काढून टाकलंस? मग ही नवी भिंत झाली." शेखांच्या आवाजात राग नव्हता. "गुरुवारी पुन्हा येतो. कागदाबरहुकूम दिसली नाही, तर दाराला काजीची मोहोर लागून चर्च बंद होईल. लागलेली मोहोर निघालेली मी तरी अजून पाहिली नाही."

तो सोमवार होता.

बिसादाने त्याच दुपारी भिंत छातीच्या उंचीपर्यंत उतरवली आणि पुन्हा रचायला घेतली. पाच थर झाले की मागे सरून पाही, भिंत सरळच. उतरवी, पुन्हा रची. वीट बाहेर सरकवायला गेलेला हात अंगठ्याने तिला परत आत लोटत असे, आणि ते त्याला कळतही नसे. मंगळवार असाच गेला. तो अंगणात फेऱ्या घालू लागला. निळे पागोटे सुटून खांद्यावर आले, तरी त्याचे लक्ष नव्हते.

"मला वाकडं बांधता येत नाही," तो म्हणाला.

"तोंड तर बरं वाकडं करता येतं," भाकरी घेऊन आलेली माझी बहीण दिम्याना म्हणाली. "बसा. खाऊन घ्या आधी."

तो बसला नाही. बुधवारी सकाळी त्याने थापी माझ्यापुढे धरली.

"तू रच."

"दाजी, मी? माझा गोठा दोनदा पडलाय."

"म्हणून तर."

मी रचू लागलो. तो पाठ फिरवून उभा राहिला, पण थापीचा आवाज थांबला की त्याचा खांदा उडे. "मातीचा गारा कमी भरतोस. भर. विटांमधले सांधे तरी घट्ट असू देत." दुपारपर्यंत भिंत मध्यावर फुगली. मी काहीच केले नव्हते. माझा हातच तसा. त्याने वळून पाहिले आणि वीत लावली.

"दोन बोटं जास्त," तो म्हणाला. "वरचे तीन थर काढून पुन्हा रच." मी ते काढताना त्याने ओठ इतके आवळले की दिम्यानाने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

गुरुवारी शेखांनी फुगवट्यावर तळवा फिरवला, कागद पाहिला आणि पुन्हा तळवा फिरवला. "हं. आता हीच ती." जाता जाता ते बिसादाजवळ थांबले. "टिकेल का रे?"

"पहिली टिकली असती," बिसादा म्हणाला.

 शेखांनी कागदावर सही केली.

प्रार्थनेला बोलावण्यासाठी अबूनांनी लाकडी फळीवर हलके ठोके दिले. माणसे आत जाऊ लागली. मी बिसादाला हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. तो बाहेरून भिंतीच्या पोटाला पाठ रेटून, टाचा मातीत रोवून उभा होता. प्रार्थना संपून आम्ही बाहेर आलो, तेव्हाही तो तसाच होता.