डायनामो शाबूत होता

मंडळी, सकाळची गोष्ट आहे, पण किळस अजून जात नाही.

आमच्या इंजिनवाल्या, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीवर मी आणि मित्राने वीज तयार करणारा छोटा डायनामो बसवला. वजन नको म्हणून बॅटरी काढूनच टाकली. ब्रेकही आता डायनामोच्याच विजेवर.

तलावाच्या पाळीवर गाडी थांबवायला इंजिन मंद केलं, तर वीज कमी पडली आणि ब्रेक लागलाच नाही. गाडी मासे वाळवणाऱ्या एका बाईंच्या घोट्यावर आदळली.

"डायनामो शाबूत हाय बे!" मित्र ओरडला. मीही वाकून डायनामोचा पट्टाच तपासत होतो.

"भाऊ, गाडीले काऊन पाहून राह्यले? माह्या पायाचं रगत दिसत नाई का?"

दवाखान्यात टाके घालून त्यांना घरी सोडलं. मित्र म्हणतो, उद्या बॅटरी लावून चालवू. मला त्याचा वीट आलाय, त्याहून स्वतःचा.

तुमची नजर आधी कुठे गेली असती? खरं सांगा.