भाई मास्तरांचे मऊ शब्द

देवबागच्या भाई मास्तरांनी हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलांना किती आलं ते देव जाणे, पण मास्तरांची स्वतःची जीभ त्यात कायमची परगावी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. बायको आनंदीबाई रांधायच्या आणि मास्तर पहाटे पाहुण्यांना खाडीवर पाखरं दाखवायचे.

त्यांच्याकडे एक वही होती. पाखरांच्या हळुवार आवाजांचे इंग्रजी शब्द तीत ओळीनं मांडलेले. कवडा घुमतो ते ‘कू’, चिमणी चिवचिवते ते ‘चर्प’, दयाळ आळवून गातो ते ‘वॉर्बल’. साहेब बायकोशी लाडानं बोलतो त्यालाही ‘कू’च म्हणतात, हे सांगताना मास्तरांचा आवाज कापरा व्हायचा. शेजारी मालवणीचा रकाना होता. तो कोरा.

एका रात्री जेवताना पाहुणीनं विचारलं, तुमच्याकडे बायकोला लाडानं काय म्हणतात? मास्तर हसले. “आमच्या मालवणीत लाड नाही हो मॅडम. आमची माणसं बोलतात ती भुंकल्यासारखी.”

आनंदीबाई सोलकढी वाढत होत्या. त्यांनी वाटी भरली; थेंब सांडला नाही. सकाळी कोंबड्यांना तांदूळ टाकले आणि पहिल्या एसटीनं कुणकेश्वरला, भावाकडे निघून गेल्या.

शनिवारी सहा पाहुणे यायचे होते आणि मास्तरांना रांधता येत होता तो फक्त चहा. त्यात कोंबड्या फिरल्या. सांजेला त्यांना आत बोलवायच्या त्या आनंदीबाईच. मास्तरांनी ‘कम, कम’ करून पाहिलं. कोंबड्यांनी माना वाकड्या करून त्यांना न्याहाळलं आणि झाडावर मुक्काम हलवला.

शुक्रवारी मास्तर वही काखोटीला मारून कुणकेश्वरला पोचले. आनंदीबाई अंगणात बांगडे साफ करत बसल्या होत्या. मास्तरांनी उभ्याउभ्याच चार शब्द वाचून दाखवले, अर्थासकट. बांगड्यानंसुद्धा वर बघितलं नाही.

मेहुणा लवू गावाचा गाऱ्हाणं घालणारा. लोकांचं मागणं देवापुढे मांडायचं काम त्याचं. ह्या बोलण्यानं काय व्हायचं नाही असं म्हणत त्यानं मास्तरांना तुळशीपुढे उभं केलं, हात जोडायला लावले. गाऱ्हाणं म्हटल्यावर शेजारी न बोलावता जमतात, दर ओळीला ‘व्हय’ म्हणायला.

“बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा, ह्या माणसाची जीभ सायबाक मऊ नि बायलेक खरखरीत झाली आसा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“जिच्या हातचा पस्तीस वर्सां खाल्ल्यान, तिच्या बोलण्याक भुंकणा म्हटल्यान म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” ह्या वेळी शेजाऱ्यांनी जरा जास्तच जोर लावला.

“झाली चूक तो कबूल करता, तेका वळण दी रे म्हाराजा.”

सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघू लागले. देवासमोर नाही कसं म्हणणार? आणि देव काही त्यांच्या हायस्कुलात शिकलेला नव्हता. मास्तर पुटपुटले, “चुकलंय म्हाराजा.”

आनंदीबाईंनी हात धुतले. “कोंबड्यांका सांजचा कोण आत घेता?”

“कोण नाय. झाडार चढतत.”

“येतंय मी. कोंबड्यांसाठी. पण उद्या पावण्यांच्या समोर तुम्ही त्यांका बोलवायचा. माज्यासारखा.”

शनिवारी सांजेला सहा पाहुणे अंगणात खुर्च्या टाकून बसले. मास्तर मुठीत तांदूळ घेऊन झाडाखाली उभे राहिले आणि वर्गात हजेरी घ्यावी तसे ‘ये’ म्हणाले. वर पिससुद्धा हललं नाही.

“मऊ,” चुलीकडून आवाज आला.

“ये गो.”

“आणिक मऊ.”

मास्तरांनी घसा खाकरला, कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. “ये गो बाय माजे, ये गो माजे राणये…”

पिवळी कोंबडी धपकन खाली उतरली. पाहुण्यांनी फोन काढले. किती गोड, ही कुठली भाषा, असं कुणीतरी विचारलं. मास्तरांना उत्तर द्यायला सवड नव्हती. अजून चार कोंबड्या झाडावर होत्या, आणि त्या उतरेपर्यंत भाताच्या टोपावरचं झाकण आनंदीबाई काढणार नव्हत्या.