आपांची शनिवारची तपासणी

आमच्या आपांसारखी बाई वऱ्हाडात दुसरी झाली नाही, आणि झाली असती तर दोघी एका जिल्ह्यात नांदल्या नसत्या. दर्यापूर तालुक्यातल्या शाळाशाळांतून मुलं तपासत हिंडणाऱ्या आम्हा अकरा नर्सांवर देखरेख ठेवणं हे आपांचं सरकारी काम. पण माणूस दिसलं की तपासायचं, हा त्यांचा मूळ स्वभाव. त्याला सरकारकडेही इलाज नव्हता. एकदा अमरावतीला जाणाऱ्या काळीपिवळीत त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. वलगावच्या अलीकडे त्यांनी त्याचे डोळे निरखून पाहिले आणि गाडी लिंबाखाली थांबवायला लावली. "बेटा, तुही झोप नाही झाली. पडून घे जरा." भर दुपारी गाडीभर प्रवासी मुकाट बसून राहिले आणि ड्रायव्हर घोरू लागला. एका म्हाताऱ्यानं कुरकुर करायला तोंड उघडलं, तर आपांनी लगे हात त्याची जीभ पाहून घेतली.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या शाळा आटोपून आम्ही त्यांच्या घरी जमायचो. रजिस्टरं चपलांपाशी ठेवायची आणि आत येऊन शाळेतल्या पोरींसारखं उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायचं. मी बुटकी असल्यानं कायम पहिली. डोळे, नखं, जीभ झाली की प्रश्न. "जेवली का? झोपली का? या महिन्यात कोनावर वरडली?" उत्तरं त्या शाळेच्याच उरलेल्या तपासणी कार्डांवर उतरवून घ्यायच्या. मग गोल बसून लसूण सोलायचा, कारण "हात रिकामे असले का तोंड खोटं बोलते." एकीनं मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायची सक्त मनाई. "सगळं ठीक आहे" म्हणणारीला एक गड्डा जास्त मिळायचा. ती नापिकीची, कर्जाची वर्षंच अशी होती की प्रत्येक वर्गात एखादं तरी लेकरू गप्प गप्प झालेलं असायचं. आम्ही कार्डावर 'अशक्त' एवढंच लिहायचो आणि बाकीचं घरी घेऊन जायचो. त्या काळात आपांच्या गल्लीत कुणी लसूण विकत घेतला नसेल. जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "या बैठकीचा विषय काय?" आपा म्हणाल्या, "लसून," आणि एक गड्डा त्यांच्याही हातात दिला. साहेब तासभर सोलत बसले आणि जाण्याआधी आपल्या घरचं काहीबाही सांगून मोकळे झाले. ते काय होतं, हे आम्ही अकराजणींनी आजवर बाहेर काढलेलं नाही.

मी मात्र एका वर्षी नोकरी सोडायला निघाले होते. सातवीतली एक मुलगी माझ्या दर भेटीला पोट दुखतं म्हणून यायची. मी जंताची गोळी द्यायची, कार्डावर लिहायची आणि पुढच्या पोराला हाक मारायची. एके दिवशी ती परिपाठाला चक्कर येऊन पडली, तेव्हा गुरुजींकडून कळलं. कापूस गेल्यापासून तिचा बाप बोलेनासा झाला होता, आणि त्यानं जिवाचं काही बरंवाईट करू नये म्हणून ही पोर झोप सोडून त्याच्या उशाशी बसत होती. मी तिला सहा वेळा गोळी दिली होती. एकदाही 'काहून दुखते गं?' म्हणून विचारलं नव्हतं.

त्या शनिवारी मी राजीनामा लिहूनच नेला. सगळं सांगून झालं, तरी कुणी 'तुझी चूक नाही' असं म्हणेना. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. आपांनी एवढंच विचारलं, "मागच्या खेपेले किती पोरं तपासली तू?"

"एकशे चाळीस."

"जेवली होती?"

"नाही."

ते त्यांनी माझ्या कार्डावर लिहिलं. बापाला अमरावतीला मोठ्या दवाखान्यात न्यायची सोय त्यांनी गुरुजींचा निरोप मिळताच लावून ठेवली होती. मग राजीनामा वाचून घडी केली आणि म्हणाल्या, "देतो म्हणते तं दे. पन पह्यले त्या पोरीले सांगून ये, का तू जाऊन राहिली. तिले न सांगता जाऊ नको."

सोमवारी मी शाळेत गेले. पिशवी न उघडता तिच्याशेजारी ओट्यावर बसले आणि सांगितलं की आता मी येणार नाही.  ती म्हणाली, "मंग माह्यं पोट कोनाले दाखवू?" आणि मी काही विचारायच्या आतच घरचं सगळं बोलू लागली. त्या दिवशी सातवीचा बाकी वर्ग तपासायचा राहिला. राजीनामा आपांनी मला परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

त्या वर्षांत आम्हा अकराजणींतली एकही नोकरी सोडून गेली नाही. हे मी आजही मान ताठ करून सांगते. आम्ही आपांच्या हाताखालच्या, एवढं म्हटलं तरी जुन्या माणसांना पुरतं. निवृत्तीनंतर त्या अकोल्याला मुलाकडे गेल्या. परवा भेटायला गेले, तेव्हा चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत एकाही शनिवारी आम्ही त्यांना कशा आहात म्हणून विचारलं नव्हतं. लाजच वाटली. मी घाईघाईनं विचारलं, "आपा, तुम्हाला झोप लागते ना?"

त्या हसल्या. "आता मस्त लागते, बेटा. तवा विचाराचं होतं."