आईची हिरव्या लुगड्यातली पाहुणी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक बाई यायला लागली. ती फक्त आईला दिसायची.

गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. आई, बायको सुषमा आणि मी. मधुमेहानं आईची नजर फार कमी झालेली. रविवारी भर दुपारी मी पेपर वाचत होतो, तर आई म्हणाली, "संजा, त्या बाईंना चहा विचार की."

"कोणत्या बाईंना?"

"तुझ्या शेजारी बसल्यात त्या. हिरवं लुगडं. मघापासून तुझ्याकडंच बघतायत."

सोफा रिकामा होता. (तरीही मी जरा सरकून बसलो!)

आमच्यात भूतबित कोणी मानत नाही. अंधश्रद्धेवर मी विहारात भाषण ठोकलंय, तेही माइकवरून! पण आई शांतपणे म्हणाली, "आता उठल्या. तुझ्या पाठीशी उभ्यात," आणि माझी मान वळेचना.

सुषमाला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, आईंच्या डोक्यावर तर परिणाम..." ती कुजबुजली. भूत परवडलं, पण आई हातची जाणं?

डॉक्टरांकडं जायचं धाडस होईना. न जाणो, तेच ऐकायला मिळालं तर! बाई रोज दुपारी यायची. बोलायची नाही, नुसती बघायची. बुधवारी सुषमा बाहेर गेली होती. मी दोन चमचे साखर घालून चहा केला, सोफ्यासमोर ठेवला आणि हात जोडले. "बाई, एवढा घ्या आणि जा!"

तेवढ्यात बेल वाजली. कुरियरवाल्याला वाटेला लावून परत आलो, तर कप रिकामा!

मी अशी किंकाळी फोडली की खालचे काका काठी घेऊन वर आले.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तडक तिच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "नजर कमी झाली की कधीकधी मेंदू स्वतःच चित्रं रंगवतो. आजींचं डोकं शाबूत आहे. असं दिसलं तर लगेच कळवा, हे मागच्या वेळी सांगितलं होतं मी. तुम्ही मान डोलावलीत!"

(डोलावली होती. मोबाइलवर मॅच चालू होती.)

"पण चहा कोणी प्यायला?"

"मी," आई म्हणाली. "त्या हात लावीनात. गार होत होता."

"साखरेचा?" डॉक्टरबाई ताठ झाल्या.

"दोन चमचे!" आईच्या चेहऱ्यावर कोण समाधान.

"भीती वाटते का आजी त्यांची?"

"छे! गरीब आहेत बिचाऱ्या. घाबरतो तो हा."

मग डॉक्टरबाईंनी औषधांच्या वेळा माझ्याकडून म्हणून घेतल्या. मी तीनदा चुकलो. चौथ्यांदा त्यांनी मला विचारलंच नाही. चिठ्ठी सरळ आईच्या हातात दिली. जिला धड दिसत नाही, तिच्या!